पकड

कर्जत तालुक्यात राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी कोंडाणे नावाचे लहानसे गाव आहे. गावाजवळच्या जंगलातून पायवाटेने चढत गेले, की कोंडाण्याची बौद्ध लेणी लागतात. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात खोदलेली आहेत. तेथे एका शिल्पाजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा तिचा अर्थ आहे. लेण्यांत बहुधा दान देणाऱ्यांची नावे आढळतात. येथे मात्र कारागिराचे आणि त्याच्या गुरूचे नाव आहे.

या कारागिराला दगड धरून ठेवावा लागला नाही. तो डोंगरानेच घट्ट धरला होता. दगड स्थिर होता आणि छिन्नी चालत होती. लेथ यंत्रावर मात्र याच्या उलट घडते. तेथे वस्तू गरगर फिरते. धारदार हत्यार फिरत नाही; ते फक्त सावकाश पुढे सरकते आणि लोखंडाची साल काढत जाते. म्हणून लेथवर काम करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो, तो वस्तू कशी धरावी हा.

लेथला उर्दूत खराद म्हणतात आणि त्यावर काम करणाऱ्याला खरादी. खरादी हा शब्द मराठीतही आहे. मराठीत अशा कारागिराला कातारी असेही म्हणत. आज कारखान्यात त्याला टर्नर म्हणतात. टर्नर ज्या वस्तूवर काम करतो, तिला 'जॉब' म्हणतात. हा जॉब धरणारा लेथचा पंजा म्हणजे 'चक'. चकला लोखंडी जबडे असतात. चावी फिरवली, की जबडे जवळ येतात आणि जॉबला आवळून धरतात.

समजा, कोंडाण्याच्या एका शेतकऱ्याचा पाण्याचा पंप बिघडला आहे. पंपाचा दांडा, म्हणजे शाफ्ट, बेअरिंग बसते तेथे झिजला आहे. शेतकरी तो घेऊन कर्जतच्या टर्नरकडे येतो. टर्नर झिजलेल्या जागी वेल्डिंगने धातूचा थर चढवतो. आता हा थर लेथवर कापून योग्य मापाचा करायचा आहे. पण शाफ्ट कोणत्या चकमध्ये धरावा?

दुकानात दोन चक आहेत. एकाला तीन जबडे आहेत. त्याच्या पोटात एक गोल चकती असते. डासांच्या कॉइलसारखी वळत जाणारी खाच तिच्यावर असते. जबड्यांचे दाते या खाचेत बसतात. चावी फिरवली, की चकती फिरते आणि तिन्ही जबडे एकाच वेळी, सारख्याच अंतराने मध्याकडे सरकतात. त्यामुळे गोल किंवा षट्कोनी जॉब आपोआप मध्यावर येतो. काम झटपट होते. मात्र चौकोनी जॉब या चकमध्ये नीट बसत नाही. या जबड्यांवर १, २, ३ असे आकडे असतात. जबडे काढले, तर याच क्रमाने पुन्हा बसवावे लागतात. क्रम चुकला, तर तिन्ही जबडे मध्यावर एकत्र येत नाहीत.

दुसऱ्या चकला चार जबडे असतात. तेथे प्रत्येक जबड्याचा स्क्रू वेगळा असतो. एक जबडा हलवला, तरी बाकीचे हलत नाहीत. म्हणून त्यात चौकोनी किंवा वेडावाकडा जॉबही धरता येतो. पण तो मध्यावर आणण्याचे काम टर्नरलाच करावे लागते. त्याला वेळ लागतो आणि हात बसलेला असावा लागतो.

शेतकरी घाईत असतो. तो म्हणतो, “चाचा, तीन जबड्यांच्या चकमध्ये लावा ना. लवकर होईल.”

टर्नर म्हणतो, “लवकर होईल, दादा. पण मग लवकरच पुन्हा यावे लागेल.”

त्याच्या बोलण्यात मोठा अर्थ आहे. वापरून जुन्या झालेल्या तीन जबड्यांच्या चकमध्ये जॉब मध्यापासून किंचित सरकू शकतो. हा फरक मिलीमीटरच्या दहाव्या भागाएवढाही असू शकतो. डोळ्यांना तो दिसत नाही. पण नव्याने कापलेली जागा शाफ्टच्या बाकीच्या भागाशी एका मध्यावर राहिली नाही, तर पंप थरथरतो, बेअरिंग तापते आणि पुन्हा खराब होते.

म्हणून टर्नर चार जबड्यांचा चक निवडतो. शाफ्टवर ओरखडे उठू नयेत, यासाठी जबड्यांखाली तो तांब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या ठेवतो. मग शाफ्टच्या न झिजलेल्या भागाला तो डायल इंडिकेटरचे टोक टेकवतो. हे घड्याळासारखे उपकरण मिलीमीटरचा शंभरावा भागही दाखवते. टर्नर चक हाताने फिरवून काट्याकडे पाहतो. जॉब ज्या जबड्याच्या बाजूला जास्त बाहेर असेल, त्याच्या समोरचा जबडा तो थोडा सैल करतो आणि बाहेरच्या बाजूचा आवळतो. असे करत करत काटा जवळजवळ स्थिर होतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या मध्यावर लहान छिद्र असते. त्यात तो लेथच्या मागच्या बाजूचे टोक टेकवून आधार देतो. लांब जॉब एकाच बाजूने धरला, तर कापताना तो वाकतो किंवा निसटतो. जॉब जाडीच्या साधारण तिप्पटीहून जास्त बाहेर राहत असेल, तर दुसऱ्या टोकालाही आधार द्यावा, असा कार्यशाळेतील नेहमीचा नियम आहे.

घट्ट धरले म्हणजे चांगले धरले, असेही नाही. पातळ कडी तीन जबड्यांत फार आवळली, तर ती तीन ठिकाणी दबते. अशा कडीचे भोक आतून कापले, तर चकमध्ये असेपर्यंत ते अगदी गोल वाटते. पण जबडे सैल करताच कडी मूळ स्थितीला येते आणि भोक वाकडे होते. अशा वेळी 'सॉफ्ट जॉ', म्हणजे मऊ जबडे उपयोगी पडतात. नेहमीचे जबडे कडक पोलादाचे असतात. मऊ जबडे त्याच लेथवर कापून जॉबच्या मापाचे करता येतात. मग ते जॉबला तीन ठिकाणी दाबत नाहीत, तर बहुतेक सर्व बाजूंनी कवेत घेतात. एकाच मापाचे शंभर जॉब करायचे असतील, तेव्हाही हेच जबडे सोयीचे असतात.

चक निवडण्याइतकेच तो जपून वापरणेही महत्त्वाचे आहे. मोठा जॉब धरण्यासाठी जबडे चकच्या फार बाहेर काढू नयेत. तसे केले, तर आत थोडेच दाते अडकलेले राहतात. चक जोरात फिरला, की जबडे बाहेर ओढले जातात. वेग दुप्पट केला, तर ही ओढ चौपट होते. म्हणून चकवर लिहिलेल्या वेगापेक्षा जास्त वेग कधीही ठेवू नये. लेथवर हातमोजे घालू नयेत. बाह्या, ओढणी, केस मोकळे ठेवू नयेत. डोळ्यांवर चष्मा असावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चकची चावी. जॉब आवळल्यावर चावी चकमध्येच राहिली आणि यंत्र सुरू केले, तर ती गोळीसारखी उडते. जवळ उभ्या असलेल्या माणसाचा डोळा किंवा जीवही जाऊ शकतो. म्हणून चावीवरचा हात चावी काढूनच बाजूला घ्यायचा, अशी सवय नव्या मुलाला पहिल्या दिवसापासून लावतात.

दहावीनंतर आयटीआयमध्ये टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकता येतो. खालापूर, खोपोली या भागातील कारखान्यांत आता संगणकाने चालणारे लेथही आहेत. त्यांचे जबडे तेलाच्या दाबाने मिटतात. तरी जॉब कोठे आणि किती दाबाने धरायचा, हे माणसालाच ठरवावे लागते.

संध्याकाळी शेतकरी शाफ्ट घेऊन कोंडाण्याला परततो. त्यावर टर्नरचे नाव कोरलेले नसते. दुसऱ्या दिवशी पंप सुरू होतो. शेतकरी बेअरिंगच्या जागी हात लावून पाहतो. ते तापलेले नसते.

स्वाध्याय

१. लेणे कोरणे आणि लेथवर काम करणे यांत कोणता फरक आहे?
२. टर्नरने पंपाच्या शाफ्टसाठी चार जबड्यांचा चक का निवडला?
३. पातळ कडी फार आवळून कापली, तर काय होते?
४. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराचे काम पाहा. तो वस्तू कशी धरतो, याविषयी पाच वाक्ये लिहा.