‘गांडूळ’ ही शिवी नव्हे!

कणा नसलेल्या माणसाला आपण ‘गांडूळ’ म्हणून हिणवतो. मराठीचा प्राध्यापक या नात्याने मलाही वर्गात तो अर्थ सांगावा लागतो. पण अमरकोशात या जीवाला ‘गण्डूपद’ या नावाबरोबरच ‘महीलता’ असेही नाव आहे. महीलता, म्हणजे धरणीची वेल! चार्ल्स डार्विनने १८८१ साली आपला अखेरचा ग्रंथ गांडुळांवरच लिहिला. शेताची वरची माती पुनःपुन्हा त्यांच्या पोटातून जाते, हे त्याने मोजमापे घेऊन दाखविले.

आमच्या नांदेडकडे हा प्रश्न केवळ ग्रंथातला नाही. ट्रॅक्टर आले, दावणीची जनावरे घटली आणि उकिरडे रोडावले. उलट उसाचे पाचट आणि कपाशीच्या पऱ्हाट्या मात्र बांधावर पेटविल्या जातात. जमिनीचे जेवण आपणच जाळावयाचे आणि पोत गेला म्हणून कपाळाला हात लावावयाचा!

गावी शेती करणाऱ्या माझ्या धाकट्या बंधूंनी गोठ्यामागे, छपराखाली, तीन फूट रुंदीचा वाफा केला आहे. ते म्हणतात, “दादा, बैलं इकली, दावण मोकळी झाली, आता हीच आपली जनावरं.”

कृती लोणच्यासारखी, सोपी, पण पथ्याची. तळाशी पाचट, वर अर्धवट कुजलेला पालापाचोळा व जुने शेण. ताज्या शेणाच्या उष्णतेने गांडुळे मरतात. वरून ओले गोणपाट. शेतातली खोल बिळे करणारी गांडुळे येथे कामाची नाहीत. कुजत्या कचऱ्यात राहणारी ‘आयसेनिया फेटिडा’सारखी जात लागते. दीड-दोन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे काळे, दुर्गंध नसलेले खत तयार होते. मग पाणी तोडून ढीग करावा. उजेड टाळीत गांडुळे तळाशी जातात व वरचे खत चाळून घेता येते.

खरी कसोटी मे महिन्यात. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, असा हा मुलूख! येथे गांडुळांना पाणी कोण देणार? माझी भावजय देते. भाजी व धान्य धुतलेले पाणी ती वाफ्यासाठी राखून ठेवते.

एका वाफ्यावर सारे शेत पिकेल, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. भाजीचा मळा आणि थोडी रोपे, एवढीच त्याची धाव. पण तेवढा कचरा तरी आगीतून वाचतो. वाचकहो, यंदा सुगी आटोपल्यावर काडी ओढण्यापूर्वी एका वाफ्यापुरते पाचट बाजूला काढून ठेवा.