पाटीवरची अक्षरे

बँकेत असताना साधे पीककर्ज द्यायचे तरी सातबारा, आठ-अ, जामीनदार पाहिल्याशिवाय आम्ही सही करीत नसू. कर्जदारही तसेच, व्याजाचा पैसा न् पैसा विचारून घेत. नेकनूरला राहायला आल्यापासून पाहतो, हीच चोखंदळ माणसे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघतात तेव्हा विचारतात एवढेच, ‘टाके पडतात का? खर्च किती?’ चाकू कोणाच्या हाती, हे कोणी विचारीत नाही.

मध्यंतरी शेजारच्या मावशी एक कागद घेऊन आल्या. ‘साहेब, ह्यात काय लिव्हलंय बघा बरं.’ बीडच्या एका दवाखान्याचे संमतिपत्र. शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या नावाची जागा कोरी! म्हटले, ‘मावशी, आधी नाव भरून घ्या, मग अंगठा.’ त्यांनी तसे केले. डॉक्टर रागावले नाहीत; उलट नाव आणि पदवी दोन्ही लिहून दिली.

या पदव्यांची अक्षरे समजून घेणे अवघड नाही. एम.बी.बी.एस. म्हणजे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे. त्यावर डोळ्यांचे एम.एस. किंवा डी.एन.बी., तीन वर्षे. डी.ओ. ही दोन वर्षांची पदविका; पण म्हणून तो डॉक्टर कमी प्रतीचा ठरत नाही. फेलोशिप असेल तर कशातली आणि किती दिवसांची, तेही विचारावे. ऑप्टोमेट्रिस्ट नंबर काढतो, शस्त्रक्रिया करीत नाही. 2020 साली आयुर्वेदाच्या शालाक्य पदव्युत्तरांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची मुभा देणारी अधिसूचना निघाली आणि अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांनी डिसेंबरात बंद पाळला. बाजू कोणतीही घ्या. आपला डॉक्टर कोणत्या शास्त्रातला, हे विचारायचा हक्क आपलाच. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर लावलाच पाहिजे, असे 2002 ची आचारसंहिता सांगते. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत नातवंडांकडून मोबाइलवर पाहून घ्यावा.

अर्थात सातबारा पाहून जमीन कळते, पीक नाही. डॉ. तात्याराव लहाने पुढे मुंबईच्या जे. जे. मध्ये गेले, 2008 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्याआधी कित्येक वर्षे ते आपल्या अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात होते. डोळ्यांची पदवी त्यांच्यासारखी पुष्कळांकडे असते. नाव झाले ते हाताचे. म्हणून विचारावे: तुम्ही स्वतः करणार का? अशा किती केल्या? भिंगामागचा पडदा फाटला तर पुढे कोणाकडे पाठवणार? कॉलेजात शिकाऊ डॉक्टर करणार असेल तर घाबरू नये, शेजारी कोण उभे राहणार एवढे विचारावे.

आणि एक. ऑपरेशननंतर डोळा जास्त दुखू लागला, लाल झाला, दिसणे कमी झाले, तर सकाळची वाट पाहायची नसते. आत जंतू शिरले असतील तर तास मोलाचे. तेव्हा रात्री फोन कोण उचलणार, तो नंबर निघतानाच कागदावर घ्या. बीडला नेणारी जीपही आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.