विश्वाच्या चुलीतील राख

चूल विझल्यावर तिच्यात गोवऱ्या जळाल्या की लाकडे, हे जाणती गृहिणी राखेवरून ओळखते. विश्वाच्या आरंभीच्या भट्टीची अशीच राख आपल्याभोवती पडलेली आहे. हेलियम, जड हायड्रोजन आणि किंचितसे लिथियम, हीच ती राख.

आरंभी विश्व इतके तप्त होते की, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची जोडी जुळताच फुटे. विश्व पसरले, निवले; काही मिनिटांत तापमान शंभर कोटी अंशांच्या खाली आले आणि ही गाठ टिकू लागली. त्या वेळी सात प्रोटॉनांमागे एक न्यूट्रॉन उरला होता. आता हिशेब आपणच करू. चौदा प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन घ्या. दोन अधिक दोन मिळून हेलियमचे एक केंद्र झाले, बारा प्रोटॉन सुटे राहिले. सोळांत चार, म्हणजे रुपयात चार आणे हेलियम! ज्या दीर्घिकांत ताऱ्यांची घडामोड फारशी झालेली नाही, तेथे वजनाने शेकडा २४ ते २५ हेच प्रमाण आढळते. तारेही हेलियम बनवतात, पण एवढे नव्हे. गंमत अशी की, महास्फोटाची कल्पना कधीच न पटलेल्या फ्रेड हॉईल यांनीच १९६४ साली टेलर यांच्यासह हे दाखवून दिले.

जड हायड्रोजनची साक्ष याहून मोलाची. तारे त्याला जाळतात, साठवीत नाहीत. तेव्हा जे सापडते ते आरंभीचेच. शिवाय मूळचे द्रव्य जितके दाट, तितके ते हेलियमात अधिक खपते. दूरच्या क्वेसारांचा प्रकाश ज्या वायुमेघांतून येतो, त्यांत एक लाख हायड्रोजन अणूंमागे जेमतेम अडीच जड अणू भरतात. यावरून असे निघते की, तारे, धूळ आणि आपण सारे ज्या द्रव्याचे घडलो, ते विश्वाच्या एकूण ऐवजात शेकडा पाचच्याच आसपास आहे. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना निघालेल्या प्रारणावरून स्वतंत्रपणे काढलेला आकडाही तोच येतो.

लिथियम मात्र जुळत नाही. १९८२ साली स्पीत या फ्रेंच दांपत्याने अतिवृद्ध ताऱ्यांतील लिथियम मोजले. आजच्या गणिताच्या मानाने ते जेमतेम एक तृतीयांश भरते. ताऱ्यांनीच ते पोटात ओढून जाळले असावे, असे पुष्कळांना वाटते आणि आम्हालाही तेच संभवनीय दिसते. पण निरनिराळ्या ताऱ्यांनी ते इतक्या सारख्या मापाने कसे जाळले, याचे सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही.