आत्याच्या डब्यातला 1818 चा आणा: नाणं, पदक की नुसती आठवण?

आजचा एपिसोड माकणीत, आत्याच्या ओसरीवर रेकॉर्ड केलाय. मध्येच शेळी ओरडली तर सांभाळून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

झालं असं, की आत्याच्या पितळी डब्यात एक जाडजूड तांब्याचं नाणं निघालं. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, मारुती. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा, 1818. आतेभावाने त्याचा फोटो एका रीलवाल्याला पाठवला. तिकडून उत्तर आलं: नऊ लाख मिळतील, आधी रजिस्ट्रेशनचे अडीच हजार टाका. भाऊ यूपीआय उघडूनच बसला होता. म्हटलं, थांब जरा.

म्युझियमच्या नाणेविभागात मांडलेली प्रत्येक गोल वस्तू नाणं नसते. नाण्यामागे राज्य उभं असतं: अमुक किमतीला हे घ्यावंच लागेल, असं ते सांगतं. पदक एखाद्या प्रसंगाची किंवा माणसाची आठवण म्हणून पाडतात; त्याने बाजारात मीठसुद्धा येत नाही. तिसरा प्रकार यात्रेतल्या, देवस्थानाजवळच्या टोकनांचा. रामदरबाराच्या अशा टोकनांना रामटंका म्हणतात. लोक ती देवघरात ठेवतात, पुजतात.

मग आत्याच्या नाण्यावर तर किंमत छापलीय ना? आमच्या भाषेत सांगायचं तर लेबल कुणीही लावू शकतं, व्हॅलिडेशन सर्व्हरवर होतं. कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी काढली ती 1835 पासून. एक आण्याचं निकेल मिसळलेलं, नागमोडी कडेचं नाणं सगळीकडे आलं ते 1907 पासून, आणि कंपनीचं राज्य तर 1858 लाच संपलेलं. 1818 चा रामदरबारवाला आणा कंपनीने कधी पाडलाच नाही. 'इंग्रज देव कशाला छापतील' हा युक्तिवाद मात्र करू नका, कारण मद्रासकडच्या कंपनीच्या होनांवर विष्णू होता.

शिवाय आपला हा भाग 1948 पर्यंत निजामाचा. इथे चालायचा हाली सिक्का. इंग्रजांचा तो कलदार. साधारण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. घरात जुन्या आज्ज्या असतील तर विचारा, हे दोन्ही शब्द अजून निघतील.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. माकणीच्या धरणात जी तेरणा अडवलीय, तिच्याच काठावर वरच्या अंगाला तेर आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं व्यापारी शहर, ग्रीक लेखनातलं तगर. तिथे रोमन नाण्यांच्या छापाची मातीची पदकं सापडलीत, गळ्यात घालता येतील अशी, भोक किंवा कडी असलेली. मातीचं नाणं कोण घेणार? पण सम्राटाचं तोंड असलेला दागिना म्हणून ते मिरवता येत होतं. म्हणजे फॅन्सी सुवेनिर आपल्याकडे तेव्हापासून! तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं सरकारी संग्रहालय आहे. माकणीहून एका दिवसात जाऊन येता येतं.

गोंधळ वाढवणारा एक प्रकार सरकारचाच आहे. 2023 मध्ये नव्या संसद भवनासाठी 75 रुपयांचं नाणं निघालं, 44 मिलिमीटर व्यासाचं, निम्मी चांदी. कायद्याने ते नाणंच, पण किराणा दुकानात कधी दिसणार नाही. टांकसाळ ते संग्राहकांना विकते. याउलट 1964 चा नेहरूंचा रुपया, स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं, किंवा 1999 चे शिवाजी महाराजांचे दोन रुपये हातोहात फिरले. असली नाणी लाखो पडली. त्यामुळे 'दुर्मीळ' म्हणणाऱ्याला आधी विचारा, किती पाडली होती?

आणि भावाला दाखवलं ते सगळ्यात महत्त्वाचं: रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच स्पष्ट केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही, त्यासाठी कसलं शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि तसा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 ला फोन करा.

भावाने नंबर ब्लॉक केला. आत्या म्हणाली, "नऊ लाखाचं नसंना का, राम तर हाय." आणि नाणं धुऊन परत देवघरात ठेवलं.