कॅट परीक्षेतील इंग्रजी : मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी काही सूचना

सायंकाळच्या वेळी धरमपेठेतील कॉफी हाऊस चौकातून लक्ष्मीभुवन चौकाकडे निघाले की, शिकवणी वर्गांतून बाहेर पडणारे तरुण-तरुणींचे घोळके दिसतात. त्यांतील अनेक जण भंडारा, गोंदिया, यवतमाळ, गडचिरोली अशा जिल्ह्यांतून आलेले असतात आणि खोली भाड्याने घेऊन व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करीत असतात.

अलीकडेच अशा एका युवकाने आपली वही मला दाखविली. तीत दोन हजारांहून अधिक इंग्रजी शब्द, त्यांच्यासमोर सुवाच्य अक्षरांत मराठी अर्थ! गणितात हा विद्यार्थी पुढे. परंतु सराव परीक्षांमध्ये इंग्रजीचे गुण काही केल्या वाढत नव्हते. "फादर, अजून किती शब्द पाठ करू?" असे त्याने विचारले. त्याचा हा प्रश्न अनेकांचा आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहे.

परीक्षेत काय विचारले जाते?

आयआयएम संस्थांतील प्रवेशासाठी घेतली जाणारी कॅट परीक्षा साधारणतः नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होते. आपल्या नागपूरची आयआयएम २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०२२ मध्ये ती मिहानमधील स्वतःच्या वास्तूत गेली. संस्था घराजवळ आली. तथापि तिच्या प्रवेशाची परीक्षा देशभरातील विद्यार्थ्यांसाठी एकच आहे.

या परीक्षेचे तीन विभाग असतात आणि इंग्रजीचा विभाग पहिला येतो. २०२४ व २०२५ च्या परीक्षांत या विभागात २४ प्रश्न होते व वेळ ४० मिनिटे. त्यांपैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर आधारलेले होते. उरलेल्या आठ प्रश्नांत परिच्छेदाचा सारांश निवडणे, विस्कटलेली वाक्ये जुळविणे, वाक्याची योग्य जागा शोधणे अशी कामे होती. सुट्या शब्दाचा अर्थ सांगा, असा प्रश्न आता जवळजवळ नसतोच.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एका विभागाची वाचलेली मिनिटे दुसऱ्या विभागाला देता येत नाहीत. शिवाय आयआयएम संस्था एकूण गुणांबरोबरच प्रत्येक विभागात किमान पर्सेंटाइलची अट घालतात. (९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, परीक्षा देणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के जण आपल्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ.) त्यामुळे गणितातील उत्तम गुणही इंग्रजीतील उणीव भरून काढू शकत नाहीत. गुणी विद्यार्थ्यांची वाट अडते ती येथेच.

शब्दांच्या याद्या आल्या कोठून?

परदेशी शिक्षणासाठी जीआरई परीक्षा देणाऱ्यांना पूर्वी विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्यांतील साम्य विचारले जात असे. त्या काळी याद्या पाठ करण्यात अर्थ होता. ऑगस्ट २०११ मध्ये हे दोन्ही प्रकार जीआरईतून वगळण्यात आले. सप्टेंबर २०२३ पासून ती परीक्षा आणखी आटोपशीर झाली असून तिच्या भाषाविभागात ४१ मिनिटांत २७ प्रश्न असतात. रिकाम्या जागा भरण्याचे प्रश्न आहेत, त्यासाठी शब्दसंग्रह हवाच; पण योग्य शब्द कोणता, हे वाक्याचा रोख कळल्याशिवाय ठरविता येत नाही. परीक्षा बदलली, जुनी पुस्तके मात्र हातोहाती फिरत राहिली आणि त्यांच्याबरोबर याद्याही.

एक मराठी उदाहरण

उताऱ्यावरील प्रश्न कसा असतो, हे मराठीतूनच पाहू. पुढील काल्पनिक उतारा वाचा :

'एका गावातील काही शेतकऱ्यांनी कापूस सोडून संत्र्याची बाग लावली. पुढे त्यांचे उत्पन्न वाढले. तथापि, ज्यांच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी होते, त्यांनाच हे साधले.'

लेखकाचे म्हणणे काय? (अ) संत्रा हे कापसापेक्षा फायद्याचे पीक आहे. (आ) पाण्याशिवाय शेती अशक्य आहे. (इ) बदलाचा लाभ पाण्याची सोय असलेल्यांनाच झाला. (ई) शासनाने विहिरींसाठी अनुदान द्यावे.

उत्तर (इ) हे आपण सहज ओळखाल. पण उरलेले तीन का चुकले, ते सांगता आले पाहिजे. (अ) मध्ये 'तथापि' नंतरचा भाग सोडून दिला आहे. (आ) मध्ये लेखक बोलला त्यापेक्षा फार मोठे विधान केले आहे. (ई) कदाचित योग्यही असेल, पण ते उताऱ्यात नाही. इंग्रजी उताऱ्यांतील बहुतेक चुकीचे पर्याय या तीन जातींचेच असतात. हे ओळखण्याची बुद्धी मराठीत वाचणाऱ्या विद्यार्थ्याजवळ आधीपासून असते. तिला इंग्रजीत नेण्याचा सराव तेवढा हवा.

इंग्रजी वाक्य कसे वाचावे?

अडचण येते ती वाक्यरचनेची. मराठीत क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये कधी कधी अख्खे उपवाक्य बसलेले असते. उदाहरणार्थ, 'द फार्मर्स हू हॅड सोल्ड देअर बुलक्स ड्युरिंग द ड्राउट रिटर्न्ड' हे वाक्य घ्या. घाईने वाचणाऱ्याला 'दुष्काळ परतला' असे वाटते. प्रत्यक्षात परतले ते शेतकरी, ज्यांनी दुष्काळात आपले बैल विकले होते. येथे एकही शब्द कठीण नाही, तरीही अर्थ निसटतो. म्हणून लांब वाक्यात प्रथम कर्ता शोधावा, मग त्याचे क्रियापद, आणि नंतर मधला मजकूर पाहावा.

तद्वतच 'हाउएव्हर', 'ऑलदो', 'येट' हे शब्द दिसताच थांबावे. विचार तेथे वळण घेत असतो. 'सम' आणि 'ऑल', 'मे' आणि 'मस्ट' यांतील भेदावर तर अनेक उत्तरे ठरतात.

गुणांचे गणित

कॅटमध्ये बरोबर उत्तरास तीन गुण मिळतात आणि पर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडल्यास सरासरी लाभ शून्य! परंतु दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर उरलेल्या दोनांतून निवडताना प्रत्येक प्रश्नामागे सरासरी एक गुण पदरात पडतो. ज्या प्रश्नांचे उत्तर स्वतः टंकित करावयाचे असते, त्यांना गुणवजावट नाही. ते कोरे सोडू नयेत. प्रत्येक उताऱ्यास सात-आठ मिनिटे द्यावीत. ज्यांचा वेग कमी आहे, त्यांनी चार उतारे घाईने उरकण्यापेक्षा तीन नीट सोडवावेत.

महाराष्ट्र शासनाच्या एमबीए सीईटीचा स्वभाव निराळा आहे. २०२५ च्या परीक्षेत १५० मिनिटांत २०० प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नास ४५ सेकंद. त्यांत भाषेचे ५० प्रश्न होते व गुणवजावट नव्हती. तेथे एकही प्रश्न सोडू नये.

दिनक्रम कसा असावा?

सहा महिने हाती असतील, तर रोज एक तास पुरेसा आहे. नागपुरातून १९११ पासून निघणाऱ्या 'हितवाद' दैनिकातील अग्रलेखाने सुरुवात करावी. महिन्याभराने अर्थशास्त्र, इतिहास, विज्ञान, तत्त्वज्ञान या विषयांवरील दीर्घ निबंधांकडे वळावे. कॅटचे उतारे अशाच लेखनातून येतात. प्रत्येक लेख वाचून झाल्यावर तो मिटावा आणि लेखकाचे म्हणणे मराठीत दोन वाक्यांत लिहावे. ते जमले नाही, तर लेख कळला नाही असे समजून पुन्हा वाचावा. अडलेला शब्द त्याच्या पूर्ण वाक्यासह वहीत उतरवावा. शेवटच्या दोन महिन्यांत मागील वर्षांच्या अधिकृत प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे चुकीचे कारण लिहावे.

त्या युवकाला मी वही फेकून देण्यास सांगितले नाही. तिच्या कोऱ्या पानांवर रोज एका लेखाचे सार लिही, एवढेच सुचविले. युवकहो, आपण मराठीत शिकलात हे आपले न्यून नव्हे. ज्याला आपल्या भाषेत नीट वाचता येते, त्याला दुसऱ्या भाषेतही वाचता येऊ शकते. त्यासाठी रोजचा एक तास मात्र आपला आपणच द्यावयाचा आहे.