थंडी अंगावर काढू नका

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या की सकाळची हवा बदललेली असते. निफाड, धुळे, परभणी, गोंदिया या भागांत डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या खाली उतरणे नवीन नाही. मुंबई-कोकणात थंडी सौम्य असते. पण मराठवाडा, विदर्भ, खानदेशात पत्र्याच्या घरात रात्र काढणाऱ्याला तिचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. दिवसा तापलेला पत्रा सूर्य मावळताच गार होतो आणि पहाटेपर्यंत घरातली ऊब ओढून घेतो.

पगार किंवा रोजची मजुरी मात्र उन्हाळ्यात होती तेवढीच असते. त्यात गरम पाण्याचा खर्च, पांघरुणे, मुलांचे स्वेटर आणि खोकल्याची औषधे वाढतात. मग घरात काटकसर सुरू होते. काटकसर ही चांगलीच सवय आहे. कुरआनने खर्चाच्या बाबतीत उधळपट्टी आणि कंजुषी या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग दाखवला आहे. उधळपट्टीविषयी, म्हणजे इसराफविषयी, आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. आज दुसऱ्या टोकाविषयीही थोडे बोलू, कारण हिवाळ्यात ते आपल्या घरांत जास्त दिसते.

ही काटकसर कुणाच्या वाट्याची?

आम्ही शिक्षक मंडळी सकाळच्या शाळेच्या फाटकाशी रोज उभे असतो. मुलाच्या अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, आणि त्याला सोडायला आलेल्या अम्मीच्या अंगावर पातळ ओढणी, पायात रबरी चप्पल, हे दृश्य आम्ही दर हिवाळ्यात पाहतो. विचारले तर उत्तर ठरलेले: "मला नाही वाजत एवढी थंडी."

थंडी सगळ्यांनाच वाजते. घरात गरम कपड्यांची यादी अम्मी करते, म्हणून त्या यादीत अम्मीचे नाव नसते. सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर गरम पाणी संपलेले असते, म्हणून तिची आंघोळ गार पाण्याने होते. चांगली रजई मुलांना, दुसरी सासऱ्यांना आणि उरलेली चादर तिला. खोकला झाला तर तो ती अंगावर काढते. महिन्याच्या हिशेबात ही बचत दिसते, पण फेब्रुवारीत तीच बचत दवाखान्याच्या बिलातून बाहेर पडते. तेव्हा या वर्षी यादी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावी. वडिलांनी करावी, मोठ्या मुलीने करावी. आधी सर्वांत म्हातारे माणूस, मग सर्वांत लहान मूल, आणि तिसरे नाव अम्मीचे. त्यानंतर बाकीचे.

पैसे कुठून आणायचे? जिथे आपल्या नकळत वाया जातात, तिथून.

गरम पाण्याचा हिशेब

पाणी तापवायला किती वीज लागते, हे आम्ही मुलांना वर्गात काढायला लावतो. 15 लिटरची एक बादली 20 अंशांवरून 40 अंशांपर्यंत कोमट करायला साधारण 0.35 युनिट वीज लागते. 1500 वॅटच्या रॉडला त्यासाठी सुमारे 15 मिनिटे पुरतात. पण रॉड लावून आपण दुसऱ्या कामाला लागलो आणि तास गेला, तर दीड युनिट जळते, म्हणजे चार बादल्यांची वीज एका बादलीत. रॉड आपणहून बंद होत नाही. मोबाइलवर 15 मिनिटांचा गजर लावणे फुकट आहे.

दुसरा हिशेब पंख्याचा. जुन्या पद्धतीचा पंखा साधारण 75 वॅटचा असतो. रात्री आठ तास चालणारे दोन पंखे थंडीत बंद झाले की महिन्याला 36 युनिट वाचतात. एवढ्या विजेत शंभर बादल्या कोमट पाणी होते. पाच जणांच्या घराला महिन्याला दीडशे बादल्या लागतात, असे धरले तर त्यातल्या शंभर पंख्यांनीच दिल्या. उरलेल्या पन्नास बादल्यांना साडेसतरा युनिट पुरतात. तेवढ्यासाठी अम्मीने गार पाण्याने आंघोळ करायची गरज नाही. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या 100 युनिटांचा दर कमी असतो आणि पुढे तो वाढत जातो, म्हणून मीटरवर दर आठवड्याला नजर ठेवावी.

तिसरा हिशेब वुजूचा. उघड्या नळाखाली वुजू करताना आठ-दहा लिटर पाणी सहज वाहून जाते. पैगंबर (स.) एक मुद, म्हणजे आजच्या मापाने लिटरभराच्या आतबाहेर पाण्यात वुजू करत असत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एक लोटा पाणी कोमट करायला फारच थोडी वीज लागते. एका युनिटमध्ये असे चाळीस लोटे होतात. म्हणजे लोट्याने वुजू केला तर घरातल्या प्रत्येकाला फज्र आणि इशाला कोमट पाणी परवडते. रात्री थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवले तर पहाटे काहीच तापवावे लागत नाही. सांध्यांच्या दुखण्याने बेजार झालेल्या दादीसाठी ही सोय जरूर करावी. गार पाणी अंगाला झेपतच नसेल, आजार वाढण्याची भीती असेल, तर शरीअतने दिलेल्या सवलती आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्याव्यात. सवलत घेण्यात कमीपणा नाही.

रजई जुनी, कापूस मोकळा

ऊब रजईच्या वजनात नसते, कापसात अडकलेल्या हवेत असते. वर्षानुवर्षे वापरून कापसाच्या गाठी झाल्या की हवा निघून जाते आणि रजई जड असूनही थंडी वाजते. अशी रजई फेकून नवे ब्लँकेट आणण्यापेक्षा कापूस पिंजून घ्यावा. पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी या आपल्याच बांधवांचा हा पिढीजात व्यवसाय. फोमच्या गाद्या आल्यापासून त्यांचे काम कमी झाले आहे. जुना कापूस पिंजून, नवी खोळ शिवून घेतली तर रजई पुढची काही वर्षे टिकते आणि पैसा मोहल्ल्यातच राहतो.

ज्यांच्याकडे रजई नाही, त्यांच्यासाठी गोधडी आहेच. जुन्या सुती साड्या आणि ओढण्या सात-आठ पदरी ठेवून धावदोरा घातला की पांघरूण तयार. अंगातल्या कपड्यांचेही तसेच आहे. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक घातले तर मधली हवा ऊब धरून ठेवते. फरशीवर झोपणाऱ्यांना गारवा खालून लागतो. गादीखाली चटई किंवा वर्तमानपत्रांचे थर घातले की फरक पहिल्याच रात्री कळतो. आठवड्यातून एकदा पांघरुणे कडक उन्हात टाकावीत. त्याने ओल जाते आणि कापूस फुगतो.

स्वयंपाकघरातली बचत

हिवाळ्यात निसर्ग स्वस्ताई करतो. मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी, गाजर, तुरीच्या ओल्या शेंगा, बोरे, पेरू, आवळे हे सारे याच दिवसांत मुबलक असते. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असते. तेव्हा महागड्या फळांसाठी जीव तोडायला नको. बाजरीत तांदळापेक्षा लोह जास्त, तिळात कॅल्शियम भरपूर. भाकरीबरोबर लिंबू पिळलेली भाजी खाल्ली की त्यातले लोह अंगी लागते आणि जेवणावर लगेच चहा घेतला की ते वाया जाते. हा चहा तासभर पुढे ढकलणे हीदेखील काटकसरच.

मराठवाड्यातल्या आपल्या घरांत नाश्त्याला खिचडी-खट्टा होतो. भाजलेले तीळ वाटून चिंचेच्या कोळात कालवायचे, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालायची. थोडक्या पैशांत पोट भरते आणि मुले आनंदाने खातात. दालचाही तसाच: पाव किलो हाडांचे मटण, डाळ आणि दुधी, यांत सहा-सात माणसांचे जेवण होते. पाये किंवा यखनी करायची असेल तर ती कुकरमध्येच करावी, उघड्या पातेल्यात गॅस फार जातो. डाळी-कडधान्ये रात्री भिजवली, भांड्यावर झाकण ठेवले, उकळी आल्यावर आच कमी केली, तर एक सिलिंडर काही दिवस जास्त पुरतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. गूळ ही शेवटी साखरच. मधुमेह असलेल्यांनी तो औषध समजून खाऊ नये. आणि खोकल्यावर मध चांगला असला तरी एक वर्षाच्या आतल्या बाळाला तो देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

ऊन फुकट आहे

ड जीवनसत्त्व अंगावर ऊन पडल्याने तयार होते. बंद काचेतून आलेल्या उन्हाने ते होत नाही. आपल्या घरांतल्या स्त्रियांचा दिवस बहुतेक आत जातो, बाहेर पडताना अंग झाकलेले असते, म्हणून त्यांच्या अंगाला ऊन लागतच नाही. गच्चीवर, अंगणात, आडोसा करून दुपारी अर्धा तास हात-पाय-चेहरा उन्हात ठेवून बसावे. मेथी निवडणे, गोधडी शिवणे, मुलांचा अभ्यास घेणे, ही कामे तिथेच करता येतात.

थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी प्यायले जाते. लघवीची जळजळ आणि बद्धकोष्ठता मग मागे लागते. कोमट पाणी दिवसभर थोडे थोडे पीत राहावे.

घरातल्या ज्येष्ठांकडे या दिवसांत जास्त लक्ष हवे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. हृदयविकाराचे झटके थंडीच्या दिवसांत वाढतात. दादा-दादींनी पांघरुणातून एकदम उठू नये, दोन मिनिटे बसून मग उभे राहावे. फज्रला मशिदीत जाताना कान आणि छाती झाकावी. रक्तदाबाची गोळी "आता बरे वाटते" म्हणून बंद करू नये. दम्याच्या रुग्णाने पंप संपण्याआधी दुसरा आणून ठेवावा. या दोन खर्चांत काटकसर करूच नये.

शेगडी, रॉड आणि गॅस गिझर

आता सर्वांत महत्त्वाचे. थंडी घालवण्यासाठी कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले खोलीत ठेवून, दारे-खिडक्या लावून कधीही झोपू नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. जागा असलेल्या माणसाचे डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. झोपलेल्याला काहीच कळत नाही आणि तो उठत नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत जिवावर बेतते. शेगडी अंगणात पेटवावी, हात शेकावेत आणि झोपण्यापूर्वी ती बाहेरच ठेवावी. बाळंतिणीच्या खोलीत तर विशेष जपावे. बाळाला ऊब द्यायची असेल तर अम्मीच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून धरण्याइतकी चांगली ऊब नाही. कमी वजनाच्या बाळांसाठी दवाखान्यांतही हीच पद्धत सांगतात.

गॅस गिझरमधूनही हाच वायू निघू शकतो. तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला असावा. बाथरूममध्येच असेल तर आधी बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, दार थोडा वेळ उघडे ठेवावे आणि मगच आंघोळीला जावे. पाण्याच्या रॉडचे बटण बंद करून, पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. लोखंडी बादलीत रॉड लावू नये. मुलांना त्या खोलीत एकटे सोडू नये.

शेजारच्या घरातली थंडी

मुलांचे स्वेटर एका वर्षात तोकडे होतात, पण फाटत नाहीत. आमच्या शाळेत आम्ही असे स्वेटर धुऊन एका कपाटात ठेवतो. ज्याला हवा त्याने मधल्या सुट्टीत येऊन घ्यावा. नाव लिहिले जात नाही, कुणी विचारत नाही. दर वर्षी कपाट भरते आणि नाताळच्या सुट्टीपर्यंत रिकामे होते. प्रत्येक मोहल्ल्यात, मशिदीच्या किंवा मदरशाच्या एका कोपऱ्यात असे कपाट सहज ठेवता येईल.

ब्लँकेट वाटायची असतील तर ती नोव्हेंबरातच वाटावीत. जानेवारीच्या शेवटी दिलेल्या ब्लँकेटला त्या वर्षीची थंडी सापडत नाही. आणि घेणाऱ्याचा फोटो काढू नये. त्याचे मूल आमच्या वर्गात बसते, दुसऱ्या दिवशी तो फोटो बाकीच्या मुलांच्या घरच्या मोबाइलवर असतो आणि ते मूल चार दिवस मान वर करत नाही.

या आठवड्यात एक काम करा. रात्री सगळे झोपल्यावर घरात एक फेरी मारा आणि कुणाच्या अंगावर काय पांघरूण आहे ते पाहा. सर्वांत पातळ पांघरूण ज्याच्या अंगावर असेल, उद्याची खरेदी त्याच्यापासून सुरू करा.