तीन सेकंदांचा हिरवा दिवा

पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी पॅरिसमध्ये झालीच नाही. ती झाली तिथून बरीच दक्षिणेला, शातोरू या गावी. ऑगस्ट २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तिथल्या रेंजवर दक्षिण कोरियाची किम येजी उभी राहिली, तेव्हा तिला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण होतं. उलटी घातलेली टोपी, एका डोळ्यापुढची भिंग-चौकट, कमरेला लटकवलेला कापडी हत्ती आणि चेहऱ्यावर संपूर्ण बेफिकिरी. नेमबाजीतलं ओ की ठो न कळणाऱ्यांनीही तिचे व्हिडिओ फिरवले होते. १० मीटर एअर पिस्तूलचं रौप्य खिशात होतं, आणि २५ मीटर पिस्तूलच्या अंतिम फेरीचा ४२ गुणांचा विश्वविक्रम तिनं त्याच वर्षी मे महिन्यात बाकूला केला होता. त्याच २५ मीटरमध्ये ती पात्रता फेरीतच बाद झाली. एक गोळी तीन सेकंदांच्या मुदतीत सुटली नाही, म्हणून तिचा गुण पडला शून्य.

तीन सेकंद. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराचा सगळा कस या एवढ्या वेळात लागतो.

पात्रता फेरीत ६० गोळ्या असतात. पहिल्या ३० सावकाशीच्या: पाच गोळ्यांची एक मालिका, तिला पाच मिनिटं. पुढच्या ३० घाईच्या. हात खाली, जमिनीकडे ४५ अंशांत. लाल दिवा सात सेकंद जळतो, मग हिरवा तीन सेकंद. तेवढ्यात हात वर आणायचा, नेम धरायचा, एकच गोळी सोडायची आणि हात पुन्हा खाली. असं पाच वेळा, मग पुढची मालिका.

वाटतं की कठीण ते घाईचं. पण सावकाशीच्या भागात एक वेगळीच परीक्षा असते. हात वर आला, नेम जुळेना, श्वास लांबला, तर गोळी न सोडता हात खाली घ्यायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. ‘आता सोडूनच टाकू’ या मोहाला नाही म्हणणं हे तिथलं अर्धं कौशल्य. घाईच्या भागात नेमकं उलटं. तिथं नाही म्हणायची सोयच नाही. नेम पुरता जुळला नसला तरी हिरवा दिवा विझायच्या आत गोळी गेलीच पाहिजे. म्हणजे ज्या हाताला तासभर थांबायला शिकवायचं, त्याच हाताला नंतर सांगायचं की आता थांबशील तर शून्य.

हातातलं यंत्र दिसायला साधं. .२२ कॅलिबरचं, १४०० ग्रॅमच्या आतलं, पाच गोळ्यांचं पिस्तूल. लाकडी मूठ मात्र खेळाडूच्या तळव्याला बेतलेली. कानशीनं घासून, कुठे लांबी भरून, बोटाबोटाची जागा ठरवलेली. दुसऱ्याचं पिस्तूल हातात घेतलं तर दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखं वाटतं. मनगटाला आधार देणारं काही चालत नाही, बूट घोट्याच्या खाली हवेत, आणि पिस्तूल एकाच हातात. दुसरा हात खिशात किंवा कमरपट्ट्यात. सामन्याआधी चापाची तपासणी होते. पिस्तुलाची नळी आकाशाकडे करून चापाला एक किलोचं वजन अडकवायचं आणि ते अलगद उचलायचं. वजन उचललं गेलं आणि चाप सुटला नाही, तर पिस्तूल पास.

नेम धरताना डोळा कुठे असतो? सामान्य माणूस म्हणेल, लक्ष्यावर. नेमबाजाचा डोळा असतो नळीच्या टोकाला, ज्याला जुन्या मराठीत बंदुकीची माशी म्हणतात तिच्यावर. लक्ष्य धूसर दिसलं तरी चालतं. माशी आणि मागची खाच यांचं नातं स्पष्ट हवं. या दोन्हींमधलं अंतर असतं सुमारे २२ सेंटिमीटर. तिथं माशी एक मिलिमीटर कलली, तर २५ मीटरवर गोळी ११ सेंटिमीटरहून जास्त सरकते. सावकाशीच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ फक्त ५० मिलिमीटर व्यासाचं, त्यामुळे त्या एका मिलिमीटरनं दहाचे थेट सहा होतात. आणि हात तर हलतोच. जगात कुणाचाच हात स्थिर नसतो. चांगला नेमबाज ती थरथर मान्य करतो आणि तिच्यातूनच चाप हळूहळू मागे नेतो. थरथर संपायची वाट बघणारा शेवटी चाप हिसकतो.

बायकांसाठी हा स्वतंत्र प्रकार ऑलिंपिकमध्ये आला १९८४ साली, लॉस एंजेलिसला. पहिलं सुवर्ण कॅनडाच्या लिंडा थॉमनं मिळवलं, तेही शूट-ऑफ, म्हणजे बरोबरी फोडणारी जादा फेरी, खेळून. चार वर्षांनी सोलमध्ये १० मीटर एअर पिस्तूलही आलं. ऑलिंपिकमध्ये २५ मीटरचा हा आराखडा पुरुषांना नाही. त्यांचं रॅपिड फायर हे वेगळंच प्रकरण.

सोलमध्ये २५ मीटरचं सुवर्ण जिंकलेली एकोणीस वर्षांची मुलगी सोव्हिएत संघाकडून खेळत होती. नाव निनो सालुक्वाद्झे, राहणारी जॉर्जियाची, शिकवणारे तिचे वडील. देश मोडला, झेंडे बदलले, पण ती रेंजवरून हलली नाही. २००८ मध्ये बीजिंगला एअर पिस्तूलचं कांस्य घेताना रशिया आणि जॉर्जिया यांच्यात युद्ध पेटलेलं होतं. व्यासपीठावर तिनं आणि रौप्यविजेत्या रशियन नतालिया पादेरिनानं एकमेकींना मिठी मारली. २०१६ मध्ये रिओला तिच्यासोबत तिचा मुलगाही पिस्तूल घेऊन उतरला होता. पॅरिस हे तिचं दहावं ऑलिंपिक, वय पंचावन्न. एवढी वर्षं टिकू देणारा खेळ विरळाच. इथं वेग आणि ताकद यांच्यापेक्षा सवय जास्त उपयोगी पडते, आणि सवय वयाबरोबर मुरते.

आपल्याकडे या प्रकाराचा धागा कोल्हापूरपर्यंत जातो. तालमींच्या या गावातून आधी तेजस्विनी सावंत रायफलमध्ये जगज्जेती झाली, २०१० मध्ये. राही सरनोबतनं पिस्तूल धरलं. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं आणि पुण्याच्या अनिसा सय्यदनं २५ मीटरचं जोडीचं सुवर्ण मिळवलं. वैयक्तिक सुवर्ण अनिसाचं, रौप्य राहीचं. २०१३ मध्ये कोरियातल्या चांगवॉनला राहीनं विश्वचषकाचं सुवर्ण घेतलं. पिस्तूलमध्ये ते मिळवणारी ती पहिली भारतीय. मग कोपराची दुखापत आली. पिस्तूलवाल्यांच्या दृष्टीनं कोपर म्हणजे पैलवानाचा गुडघाच. त्यातून परतताना तिला प्रशिक्षक मिळाली मुंखबयार दोर्जसुरेन. ही बाई आधी मंगोलियाकडून आणि मग जर्मनीकडून खेळलेली. दोन्ही देशांसाठी याच २५ मीटरमध्ये तिनं ऑलिंपिक कांस्य घेतलेलं, १९९२ आणि २००८ मध्ये.

२२ ऑगस्ट २०१८, पालेमबांग, आशियाई स्पर्धा. पात्रता फेरीत भारताचीच मनू भाकर ५९३ गुणांनी पहिली, राही ५८० वर सातवी. पण अंतिम फेरीत जुने गुण पुसले जातात. सगळ्या गोळ्या तीन सेकंदांच्या, आणि मोजदाद फक्त लागली की नाही एवढीच: १०.२ किंवा वर असेल तर एक गुण, १०.१ ला काहीच नाही. पाचपाच गोळ्यांच्या दहा मालिका आणि चौथीनंतर एकेक खेळाडू बाहेर. मनू सहावी राहिली. राही आणि थायलंडची नफस्वान यांगपायबून पन्नास गोळ्यांनंतर ३४-३४. शूट-ऑफच्या पाच गोळ्यांत ४-४. पुन्हा पाच. या वेळी राही ३, नफस्वान २. आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली.

आकडा पुन्हा वाचावा: पाचपैकी तीन. म्हणजे सुवर्ण देणाऱ्या मालिकेतही दोन गोळ्या चुकलेल्या होत्या. आणि शातोरूला, १० मीटरची दोन कांस्यं आधीच मिळवलेली मनू याच प्रकारात अशाच शूट-ऑफमध्ये हंगेरीच्या वेरोनिका मायोरकडून हरून चौथी आली.

चुकलेल्या गोळीचं करायचं काय, हे शिकायला फार वर्षं लागतात. रेंजवर त्यासाठी मिळतात सात सेकंद. लाल दिवा असतो, हात खाली असतो, मागची गोळी पडद्यावर दिसत असते. मग दिवा हिरवा होतो.